प्रेसिडेंटसाहेबांचं ‘नाही’

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची शैला बोलायला शिकवते." त्यावर समोरची बाई हमखास विचारायची, "म्हणजे इंग्लिश का?" स्पीच थेरपिस्ट हा शब्द तेव्हाच्या बंगलोरमध्येही फारसा कुणाच्या कानावर पडलेला नव्हता. ज्यांनी ऐकला होता त्यांना वाटायचं, तोतरी मुलं एवढंच माझं गिऱ्हाईक. मुलं यायचीच, पण माझी जास्त वर्षं गेली मोठ्या माणसांत. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा एक आडत्या ओरडून ओरडून आवाज घालवून बसला होता. मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं, तर त्याने गळ्यात शिट्टी अडकवून लिलाव चालवले. वर मला सांगतो, "शिट्टीने भाव बरा येतो, अक्का."

पण माझे खरे पेशंट म्हणजे ज्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी होऊन शब्द हरवले, ती माणसं. याला वाचाघात म्हणतात. जीभ हलते, आवाज असतो, डोकंही शाबूत असतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘खिडकी’ येतं. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भ्रम नसतो. माणूस आत पूर्ण जागा असतो, फक्त दार उघडत नाही.

त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. ती म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल. पुष्कळ पेशंटांना यातला एकच शब्द उरतो आणि तो ते सगळीकडे वापरतात. भूक लागली का, हो. नाही ना लागली, हो. घरातले लोक आपल्याला हवं ते विचारतात आणि हवं ते उत्तर घेऊन जातात. म्हणून मी नेहमी आधी ‘हो-नाही’ पक्कं करायची. बाकीचे शब्द नंतर.

एकदा आमच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. "तुमच्या मल्लेश्वरममध्येच एक पेशंट आहे. घरी जाऊन बघाल का? माजी प्रेसिडेंट आहेत."

"कसले?" मी विचारलं. आमच्या एका गल्लीत तीन माजी प्रेसिडेंट होते. एक आमच्याच मराठी समाजाचे, एक रहिवासी संघाचे, आणि एक बाई महिला समाजाच्या.

"देशाचे," डॉक्टर म्हणाले.

देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. छोटा, बेटांचा देश, नकाशात शोधायला भिंग लागेल असा. तिथे लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा या राष्ट्राध्यक्षांना आधी कोठडीत आणि मग विमानात बसवून देण्यात आलं. जग फिरून ते बंगलोरला आले, कारण तरुणपणी ते इथे कॉलेजात शिकले होते आणि हॉस्टेलच्या खोलीतला त्यांचा जोडीदार रंगण्णा अजून मल्लेश्वरममध्ये होता. रंगण्णा वरच्या मजल्यावर राहायचे. खालचा मजला त्यांनी मित्राला दिला होता.

मी गेले तेव्हा रंगण्णाच फाटकाशी उभे होते. "बन्नी, या, शैलम्मा," म्हणाले. "आत स्वल्प जपून बोला. तो चिडतो. पूर्वी नव्हता असा."

आत खुर्चीत सुटाबुटातले एक गृहस्थ बसले होते. टाय, खिशात रुमाल, भांग नीट पाडलेला. उजवा हात मांडीवर एखाद्या परक्या वस्तूसारखा पडलेला. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर."

"येस," ते म्हणाले.

"तुमचं नाव तोमास का?"

"येस."

"तुमचं नाव रंगण्णा का?"

"येस, येस," म्हणाले, आणि चूक झाली हे त्यांचं त्यांना कळून डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर त्यांनी असा तडाखा दिला की रंगण्णा दचकले.

"ते म्हणतायत की ते थकले आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

मी आवाजाकडे आधी वळले, बाईकडे नंतर. माझा धंदाच आवाजाचा, हजारो आवाज ऐकलेत. असा ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, स्वच्छ, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. पंचेचाळिशीची, उंच, सावळी बाई. साहेबांपेक्षा बरीच लहान. मला वाटलं मुलगी असेल.

"मी लिदिया," ती म्हणाली. "त्यांची दुसरी बायको." ‘दुसरी’ हा शब्द तिने आधीच देऊन टाकला, मी मागायच्या आत.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, साहेबांना ते उत्तम येत होतं. घरात दोघं त्यांची बेटावरची भाषा बोलत. म्हणजे आता ती एकटीच बोलायची आणि त्यांच्या वतीने उत्तरंही तीच द्यायची. मी माझा नेहमीचा नियम सांगितला: शिकवणीच्या वेळी घरच्यांनी बाहेर बसायचं. 

"मी बाहेर जाणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "पण गप्प बसेन. ते मला जमतं."

आणि खरंच जमलं. मी आठवड्यातून तीन दिवस माझ्या लुनावरून जायची. ती कोपऱ्यात बसून असायची, हूं की चूं नाही.

वाचाघातात एक गंमत असते. जे माणूस पूर्वी न विचार करता म्हणायचा ते बहुधा शाबूत राहतं. आकडे, वार, प्रार्थना, शिव्यासुद्धा. आमच्या नात्यातल्या एका आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण शुभंकरोति सुरू करून दिलं की शेवटपर्यंत म्हणायचे. तीच वाट धरून आम्ही शब्दांपर्यंत जातो. साहेबांचे आकडे आले, वार आले. प्रार्थना अर्धी आली. मी लिदियाला विचारलं, "मादाम, रोज कानावर पडायचं असं आणखी काही?" त्यांना सगळे मादामच म्हणत.

 ती खुर्ची पुढे घेऊन ताठ बसली, मान किंचित उचलली आणि त्यांच्या भाषेत एक वाक्य म्हणून मध्येच थांबली. अर्थ मला कळला नाही, पण ते वाक्य नेहमी एकाच ठिकाणी श्वास घेऊन म्हटलं जाणारं आहे, हे कळलं.

साहेबांचे ओठ हलले. आणि त्यांनी ते वाक्य पुरं केलं. स्वच्छ. शेवटचा शब्द होता ‘लिदिया’.

आजारानंतर त्यांनी बायकोचं नाव घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. आमच्या धंद्यात असे क्षण फार नसतात. पण मादामकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बाहेर पडताना मी रंगण्णांना गाठलं. "ते वाक्य काय होतं?"

"रेडिओवरच्या बातम्यांचं सुरुवातीचं वाक्य. ‘नमस्कार, बातम्या देत आहे लिदिया.’ ती तिथल्या रेडिओवर होती."

"मग त्यात एवढं काय झालं?"

"गोत्तिल्ला," रंगण्णा म्हणाले, म्हणजे ठाऊक नाही. पण त्यांना ठाऊक होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "विचारू नका, शैलम्मा. त्या विषयावर या घरात बोलत नाहीत."

विचारू नका म्हटल्यावर मला झोप कशी यावी? मी मुळातच चौकस. चौकसपणा नसेल तर हे काम करूच नये. गप्प माणसासमोर तासन्‌तास बसून याच्या आत काय चाललं असेल, हा एकच विचार करायचा असतो.

मादाम हळूहळू बोलायला लागली. घरात नाही, बाहेर. शिकवणी संपली की ती संपिगे रोडवर भाजीला निघायची, मी लुना हातात धरून बरोबर चालायची. भाजीवाल्या तिला ‘अक्का’ म्हणत, फुलवाली न मागता गजरा द्यायची. ही कुठल्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको होती वगैरे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तिलाही ते बरं वाटायचं.

तिचे वडील दीपगृहावर दिवा लावणारे होते. आई लवकर गेली. त्या खडकावर दुसरं घर नव्हतं. बोलायला माणूस नाही म्हणून ती जहाजांच्या बिनतारी यंत्रावरची बोलणी ऐकत बसायची आणि तशीच बोलून बघायची. कुठल्या कप्तानाचं इंग्रजी कसं, कुणाचा श्वास कुठे तुटतो, सगळं पाठ. विशीत ती राजधानीला जाऊन रेडिओवर लागली आणि संध्याकाळच्या बातम्या वाचायला लागली. देशात वर्तमानपत्र एकच, तेही उशिरा पोचणारं. बाहेरच्या बेटांवरचे लोक तिच्या बातम्यांवर घड्याळ लावायचे. 

"लोक म्हणायचे, लिदियाने सांगितलं म्हणजे खरं," ती म्हणाली. यात बढाई नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं.

राष्ट्राध्यक्षांची पहिली बायको आजारपणात गेली होती, मुलगा शाळेत होता. ते भाषण ध्वनिमुद्रित करायला रेडिओवर आले आणि या पोरीने त्यांना मध्येच थांबवलं. "सर, तुम्ही वाक्याच्या मधोमध श्वास घेता. लोकांना वाटेल तुम्ही घाबरलात." खोलीतले बाकी सगळे गार पडले. साहेबांनी भाषण पुन्हा वाचलं, तिने सांगितलं तसं. नंतर ते रोज संध्याकाळी बातम्या चुकवेनासे झाले. 

"लग्न झालं आणि रेडिओ सुटला," ती म्हणाली. "राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने बातम्या कशा वाचायच्या? बायका म्हणाल्या, दिवेवाल्याची पोर वाड्यात शिरली. त्यांचा मुलगा माझ्याशी एका टेबलावर जेवला नाही. ते मी समजू शकत होते. पण मायक्रोफोन नसणं, ते कठीण गेलं."

आणि इथे येऊन ती थांबायची. पुढे काय झालं हे विचारलं की "बघा, कोथिंबीर किती ताजी आहे," म्हणायची.

तिकडे साहेबांचं ‘हो-नाही’ चाललं होतं. तोंडाने जमत नव्हतं म्हणून मी डावा अंगठा धरला. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. सांगायला सोपं, पण ते डोक्यात बसेपर्यंत कित्येक आठवडे गेले. मी प्रत्येक प्रश्न उलटसुलट विचारायची. हा कप आहे का? हा चमचा आहे का? दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानायचं. एके दिवशी मादामने त्यांच्यापुढे दोडक्याची भाजी ठेवली. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि अंगठा सावकाश खाली केला. 

"नको?" मी विचारलं. अंगठा वर.

"हवी?" अंगठा खाली. 

मादाम इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "गेले सहा-आठ महिने मी यांना रोज दोडका घालतेय!" साहेबही हसले. एकाच बाजूने हसले, पण तेव्हा मला दिसलं की हा माणूस एकेकाळी सभा जिंकत असणार.

अशात त्यांच्या देशात निवडणुका झाल्या, लष्कर मागे हटलं. नव्या सरकारने निरोप पाठवला की माजी राष्ट्राध्यक्षांनी मानाने घरी यावं. निरोप घेऊन त्यांचा मुलगा आंद्रे आला. तिशीतला, वडिलांसारखाच भांग पाडलेला. मी त्या दिवशी तिथेच होते. तो वडिलांच्या पायाशी बसला, त्यांचा निकामी हात त्याने दोन्ही हातांत घेतला. साहेब रडत होते. मादाम दारात उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मग तो मला बाहेर घेऊन आला. "तुम्ही त्यांच्या थेरपिस्ट ना? बाबांना घरी यायचंय हे तुम्ही मला सांगावं अशी इच्छा आहे. सरकारला तज्ज्ञाचं मत हवंय. आणखी एक, ती येऊ शकत नाही. तिला परवानगी नाही."

"का?"

"तुम्हाला सांगितलं नाही तिने?" तो कडवट हसला. "ज्या दिवशी बाबांना पकडलं, त्या दिवशी रेडिओवर घोषणा झाली. राष्ट्राध्यक्षांना काढून टाकलंय, ते देशाचे अपराधी आहेत. साऱ्या देशाने ऐकली. ती घोषणा कुणी वाचली ठाऊक आहे? हिने. ‘नमस्कार, बातम्या देत आहे लिदिया.’ कितीतरी वर्षांनी लोकांनी तिचा आवाज ऐकला तो असा. आणि बाई, तिचा आवाज एकदाही कापला नाही."

मी आत गेले तर मादाम तिथेच उभी होती. तिने ऐकलं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "ते गाडी घेऊन आले. म्हणाले, तू वाचलंस तर लोक मानतील आणि रस्त्यावर येणार नाहीत. नाही वाचलंस तर तो सकाळ बघणार नाही. मी वाचलं. आवाज कापू द्यायचा नाही एवढंच मला येत होतं, तेच केलं. पुढे आम्हाला विमानात शेजारी शेजारी बसवलं. मी वाट पाहत होते, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, एक शब्द नाही. आणि आता विचारायचं म्हटलं तरी..." 

तिने वाक्य सोडून दिलं. पहिल्यांदाच तिचं वाक्य अर्धं राहिलेलं मी ऐकलं.

त्या रात्री मी माझ्या यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू बोलायला शिकवतेस. कुणाच्या संसाराचा न्याय करायला जात नाहीस." सरी, बरोबर होतं. पण आता पाय मागे घेता येत नव्हता.

दोन दिवसांनी मादामने मला सकाळी बोलावलं. आंद्रे हॉटेलवर होता. "मी त्यांना विचारणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बघा. उत्तर खरं आहे की नुसतंच अंगठा हलवणं आहे, ते मला सांगा. खोटी समजूत मला नको."

मी साहेबांसमोर माझी चित्रांची कार्डं मांडली, रोज मांडायची तशीच. घर, ताट, औषध, रेडिओ, बाई, पुरुष, विमान. मी स्वतः काढलेली, विमान जरा बदकासारखं दिसायचं. मादाम समोर बसली. प्रश्न तिने आधी मला इंग्रजीत सांगितला, मग त्यांना त्यांच्या भाषेत विचारला.

"मी ते वाचलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. अंगठा खाली गेला.

"उलटा विचारा," मी हळूच म्हटलं.

"तुम्हाला राग नाही आला?" अंगठा वर.

"मी नाही म्हणायला हवं होतं का?" अंगठा खाली.

तिचा विश्वास बसत नव्हता. "मग तुम्ही कधीच का नाही बोललात?" 

असा प्रश्न अंगठ्याने सुटत नाही. मी तिला अडवणार होते, तोच साहेबांनी डावा हात पुढे केला आणि रेडिओचं चित्र उचललं. ते कानाशी धरलं. मग डोळे मिटले, मान एका बाजूला टाकून दिली, मेलेल्या माणसासारखी. मला वाटलं, झटका आला की काय. मी उठणार एवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बोट केलं. पुन्हा मान टाकली, पुन्हा तिच्याकडे बोट. मग चित्र कानाशी. मग अंगठा जोरात खाली, आणि तोंडाने त्यांच्या भाषेतला एक शब्द, तुटका, पण शब्दच.

मला काही कळलं नाही. मादामला कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"काय म्हणाले?"

"जिवंत," ती म्हणाली. "कोठडीत त्यांना सांगितलं होतं की मला मारून टाकलं. मग पहारेकऱ्याच्या रेडिओवर माझा आवाज आला." 

साहेब अंगठा वर धरून बसले होते. मग तोच हात त्यांनी तिच्या गळ्याला लावला, आवाज येतो तिथे, आणि मान डोलावली. न कापलेल्या आवाजावरून त्यांना कळलं होतं की तिला कुणी हात लावलेला नाही. त्यांच्या दृष्टीने विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि ही बाई इतकी वर्षं त्या मौनाला शिक्षा समजून भोगत होती.

मी चित्रं गोळा केली आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पण आंद्रेला उत्तर द्यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी तो आला. मी म्हटलं, मादाम वर रंगण्णांकडे बसतील, तुम्ही इथे बसा, पण मध्ये बोलायचं नाही. प्रश्न इंग्रजीत, चित्रं समोर.

"सर, तुम्हाला तुमच्या देशात परत जायचंय?" अंगठा इतक्या झटकन वर गेला की आंद्रेने डोळे पुसले. उलटा प्रश्न विचारला, उत्तर जुळलं. 

"आंद्रेबरोबर?" वर. 

"लिदियाबरोबर?" वर.

"लिदियाला इथे ठेवून?" 

अंगठा खाली. मी पुन्हा विचारलं, चित्रांची जागा बदलून विचारलं, शब्द बदलून विचारलं. खाली, खाली, खाली. शेवटी त्यांनी विमानाचं चित्र उचललं आणि टेबलावर पालथं घातलं.

"तुम्ही तिच्या बाजूच्या आहात," आंद्रे म्हणाला.

"मग तुम्ही विचारा. तुमच्या भाषेत. कसंही विचारा."

त्याने विचारलं. बराच वेळ, गुडघ्यांवर बसून, वडिलांचा चेहरा दोन्ही हातांत धरून. मला शब्द कळत नव्हते, पण मुलगा आर्जवं करतोय हे कळायला भाषा लागत नाही. साहेबांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि अंगठा खाली केला.

आंद्रे त्याच दिवशी परत गेला. तिथल्या सरकारशी बोलून बघतो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

त्यानंतर मादाम माझ्याकडे आली, आमच्या घरी, एकटी. "त्यांना समजवा ना," म्हणाली. "मी इथे राहीन, भाजीवाल्या आहेत, रंगण्णा आहेत. त्यांना समुद्र बघायचाय. रोज सकाळी उठल्यावर ते खिडकीकडे कान लावतात, लाटा ऐकू येतील म्हणून. इथे नुसत्या रिक्षा."

मी त्यांना समजवायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. मला कितीदा वाटतं, हे ‘नाही’ मी त्यांना शिकवलं नसतं तर? ‘येस, येस’ म्हणत ते विमानात बसले असते, आपल्या मातीत गेले असते. बेटावर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. मादामची परवानगी येता येता राहिली आणि साहेब इथेच, बंगलोरला गेले. एकदा मी हे मादामला बोलून दाखवलं तेव्हा ती चिडली. "त्या आजारानंतर सगळे त्यांच्या वतीने ठरवत होते. मीसुद्धा. तुम्ही त्यांना त्यांचा नकार परत दिलात. त्याबद्दल हळहळू नका." तरी मी हळहळते. धंद्याचा अभिमान आणि ही हळहळ एकाच ठिकाणी आहेत, वेगळी करता येत नाहीत.

मादामचं पुढे काय झालं ते आधी सांगते. साहेबांच्या अस्थी घेऊन ती बेटावर परतली, आंद्रेबरोबर. तेव्हा तिला कुणी अडवलं नाही. मध्ये एकदा तिचा फोन आला होता. मोठ्या घरच्या बायका अजून बोलत नाहीत म्हणाली, पण मासळी विकणाऱ्या बोलतात. बाकी ठीक. आवाज तसाच, धुऊन वाळत घातलेला.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलीय ती त्याआधीची दुपार, साहेब गेल्यावर आंद्रे पुन्हा आला त्या दिवसाची. साहेबांचं सगळं आटोपलं होतं. मीही भेटायला गेले होते. आंद्रे त्या खोलीत येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "शेवटी काही बोलले का?"

"शब्द नव्हते," मी म्हटलं.

"मग ते इथे कसे राहिले, काय खाल्लं, कशाने हसले, हे मला कोण सांगणार?"

मी मादामकडे पाहिलं. "त्या होत्या ना रोज. त्यांना विचारा."

 तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघत त्यांच्या भाषेत काहीतरी छोटंसं विचारलं. तिने उत्तर दिलं. त्याने आणखी एक विचारलं. मी सवयीने मध्ये बसून राहिले होते, कुणाचा शब्द अडला तर पुढे करावा म्हणून. थोड्या वेळाने लक्षात आलं की कुणाचा काही अडत नाहीये. मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

रंगण्णा पायरीवर बसले होते. "आत काय चाललंय?"

"बोलतायत."

"काय बोलतायत?"

"गोत्तिल्ला, रंगण्णा."

त्यांनी वर हाक मारून कॉफी मागवली, दोनच कप, आणि आत कुणी जाऊ नका म्हणून घरच्यांना बजावलं. आम्ही दोघं पायरीवर बसून प्यायलो. आतून कधी तिचा आवाज यायचा, कधी त्याचा, मध्येच दोघांचा एकदम. एकदा आंद्रे मोठ्याने हसला. दोडक्याचं सांगितलं असेल का? उन्हं उतरली तरी ती दोघं बाहेर आली नाहीत. काय बोलणं झालं ते मादामने नंतर सांगितलं नाही. आणि मीसुद्धा, आयुष्यात एकदाच, विचारलं नाही.